चेटकिणीचा शिक्का आणि आजचे पेगन

श्रोतेहो, नमस्कार.

ऑक्टोबर संपत आला की कोरेगाव पार्क, बाणेर भागातल्या दुकानांत प्लॅस्टिकच्या कवट्या आणि झाडूवर बसलेल्या चेटकिणी टांगलेल्या दिसतात. मुलं खूश होतात, होऊ देत. पण युरोप-अमेरिकेत स्वतःला पेगन म्हणवणारे, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या देवदेवतांना आणि निसर्गाला मानणारे, हजारो लोक आहेत आणि त्यांच्यातले काही अभिमानाने स्वतःला ‘विच’, म्हणजे चेटकीण, म्हणतात, हे कळल्यावर आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो असा, की हे लोक सैतानाची पूजा करतात का?

नाही करत. सैतान ही ख्रिस्ती धर्मातली कल्पना आहे, आणि पेगन लोक ती मानतच नाहीत. त्यांच्यातल्या विक्का या पंथात देवीबरोबर शिंगं असलेला एक देव असतो. तो रानाचा, जनावरांचा, शिकारीचा देव. ज्यांनी शिंगं फक्त सैतानाच्याच डोक्यावर पाहिली होती त्यांनी त्यालाही सैतान ठरवलं. म्हसोबाच्या गावात राहणाऱ्या आपल्याला खरं तर शिंगांचं भय वाटायचं कारण नाही.

वर्तुळातल्या पाचकोनी चांदणीचंही तसंच झालं. भयपटांनी ती अघोरी करून टाकली. विक्का मानणाऱ्यांसाठी तिची चार टोकं म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आणि वरचं टोक म्हणजे आत्मतत्त्व. २००५ साली अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या पत्नीला पतीच्या स्मृतिशिळेवर ही चांदणी हवी होती. सरकारच्या मंजूर धर्मचिन्हांच्या यादीत ती नव्हती, म्हणून नकार मिळाला. ती बाई हटली नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २००७ मध्ये सरकारने तडजोड करून ती चांदणी यादीत घेतली. देशासाठी जीव दिलेल्या माणसाचं धर्मचिन्ह मान्य करून घ्यायला घरच्यांना झगडावं लागलं. गैरसमजाची किंमत माणसं अशी मोजतात.

आता चेटकिणींचा इतिहास. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण इथे चूक बाहेरच्यांचीही आहे आणि काही पेगनांचीही. युरोपात साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसं मारली गेली, त्यांत बायका जास्त. नव्वद लाख जाळल्या, हा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. खटल्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या इतिहासकारांचा अंदाज चाळीस ते साठ हजारांचा आहे. तोही भयंकरच आहे, त्याला फुगवायची गरज नाही. आणि मारले गेलेले लोक पेगन नव्हते. ते चर्चमध्ये जाणारे साधे ख्रिस्ती शेजारीपाजारी होते. अमेरिकेत सेलम गावी १६९२ साली एकोणीस जणांना फाशी दिलं, जाळलं कुणालाच नाही. गुन्ह्याची कबुली देणारे अनेक जण वाचले. निर्दोष आहोत म्हणून ठाम राहिले ते फासावर गेले.

मग आजच्या विक्काचं मूळ कुठे? मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, जकात खात्यात नोकरी करून इंग्लंडला परतलेले जेराल्ड गार्डनर यांच्याकडे. इंग्लंडचा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांनी या पंथाबद्दल उघडपणे पुस्तक लिहिलं. हजारो वर्षं गुप्तपणे जपलेला धर्म आपल्याला सापडला, असं त्यांचं म्हणणं होतं. इतिहासकारांना त्याचा पुरावा मिळालेला नाही. पुष्कळ विचारी पेगन आज हे मोकळेपणाने मान्य करतात. धर्म सत्तर-ऐंशी वर्षांचा आहे म्हणून त्यातली श्रद्धा खोटी, असं मला वाटत नाही.

दुसरीकडे आइसलँडमध्ये १९७२ साली काही जणांनी जुन्या नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या, देवांसाठी संस्था काढली. पुढारी होते स्वेन्ब्यॉर्न बेन्टाइन्सन नावाचे शेतकरी कवी. पुढच्याच वर्षी सरकारी मान्यता मिळाली. इतर देशांत याच देवांची चिन्हं वंशद्वेषी टोळ्या मिरवतात, आणि मग सगळ्यांवरच संशय येतो. आइसलँडच्या या संस्थेने अशा लोकांशी आपला संबंध नाही असं जाहीर सांगितलेलं आहे.

पुण्यात हे बोलताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २० ऑगस्ट २०१३ रोजी याच शहरात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे आपल्याकडे ‘डाकीण’ हा शिक्का दुसरा कुणीतरी मारतो, आणि तो बसला की बाईला गाव सोडावं लागतं, कधी जीवही जातो. लंडनमधली बाई तोच शब्द स्वतःहून निवडते, मेणबत्ती लावते, चंद्राला नमस्कार करते. या दोघींना एका पिशवीत भरू नका. त्यात लंडनच्या बाईची बदनामी होते आणि आपल्याकडच्या पीडितेचं दुःख पुसट होतं. बळीबद्दल विचाराल तर विक्कात पशुबळी नाही. पाव, फळं, मद्य, फुलं वाहतात. ‘कुणाला इजा न होवो, मग मनाला येईल ते कर’ अशा अर्थाचं त्यांचं एक सूत्रच आहे.

राहिला आपला लाडका समज, की पेगन म्हणजे आपलेच, जवळजवळ हिंदू. हे प्रेमाने म्हटलं जातं, पण तेही ऐकून न घेता म्हटलेलंच असतं. त्यांचा एक धर्मग्रंथ नाही, एक गुरू नाही. कुणी अनेक देव मानतं, कुणी एकच देवी, कुणी देवाला केवळ प्रतीक समजतं. ३१ ऑक्टोबरच्या साउन या सणाला बरेच जण गेलेल्या माणसांसाठी ताट वाढून ठेवतात. पितृपक्ष आठवतो खरा. पण तो सण उत्तरेकडच्या हिवाळ्याचा आहे, गुरं कुरणातून घरी आणायच्या दिवसांचा. आपल्याकडे तेव्हा रब्बीची ज्वारी रानात वर येत असते. ऑस्ट्रेलियातल्या अनेक पेगनांनी ऋतू उलटे म्हणून सगळे सण सहा महिने फिरवून घेतले, त्यांचा साउन एप्रिलअखेर येतो. तुमच्या सोसायटीत कुणी पेगन राहायला आलं, तर ते पुण्याच्या ऋतूंशी कसा मेळ घालतात हे त्यांनाच विचारा.

नमस्कार.