शेपटीकडचा साक्षीदार

मंडळी, अँड्र्यू मिनार्स्की गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. कॅनडातल्या विनिपेगचा, पोलंडहून आलेल्या कुटुंबातला. वडील वारले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. घराला हातभार लागावा म्हणून तो चामड्याच्या कामाला लागला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली हवाई दलात भरती झाला आणि लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानावर गनर, म्हणजे तोफा-बंदुका चालवणारा, म्हणून आला.

पुढचं समजायला या विमानाची रचना माहीत हवी. आत माणसं सात. पाचजण पुढे, आणि मागे दोन गनर: एक विमानाच्या पाठीवर, दुसरा थेट शेपटीच्या टोकाला. शेपटीकडचं टरेट, म्हणजे बंदुका बसवलेली फिरती कोठडी, इतकं अडचणीचं, की पॅराशूट अंगावर घालून बसताच येत नसे. ते बाहेर ठेवावं लागे. टरेट फिरायचं हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर. ते तिरकं अडकलं की आतल्या माणसाला मागे यायला वाटच उरत नाही. तिथे बसायचा पॅट ब्रॉफी, अँड्र्यूचा जिवलग मित्र.

१२ जून १९४४ची रात्र. फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीत, दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरून सहाच दिवस झाले होते. जर्मन कुमक अडवण्यासाठी फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर हल्ला करायचा होता. या मुलांची ही तेरावी मोहीम. निघण्यापूर्वी गवतावर बसले असताना अँड्र्यूला क्लोव्हरचं चार दलांचं पान सापडलं. तिकडे ते फार शुभ मानतात. त्यानं ते ब्रॉफीला देऊन टाकलं.

मध्यरात्रीनंतर जर्मन लढाऊ विमानानं गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली, वैमानिकानं उड्या मारायचा हुकूम दिला. ब्रॉफीचं टरेट अडकलेलं. हातानं फिरवायला गेला तर दांडाच तुटला. अँड्र्यू विमानाच्या पाठीवरच्या आपल्या जागेवरून उतरून दारापाशी आला होता. फक्त उडी मारायची होती. त्यानं मागे पाहिलं आणि जळत्या तेलातून रांगत तो शेपटीकडे गेला. कुऱ्हाडीनं टरेटवर घाव घातले, मग नुसत्या हातांनी ओढून पाहिलं. कपडे पेटले, पॅराशूट पेटलं. ब्रॉफी आतून खुणा करत होता: जा, तू जा!

तो मागे सरकत दाराशी गेला. तिथे ताठ उभा राहिला आणि सॅल्यूट केला. ओठ हलले. त्या आवाजात ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण ब्रॉफीला शब्द माहीत होते. ब्रॉफी अधिकारी झाल्यापासून अँड्र्यू रोज रात्री निरोप घेताना तेच म्हणायचा: ‘गुड नाइट, सर.’

मग त्यानं उडी मारली. खाली फ्रेंच लोकांना तो जिवंत सापडला, पण भाजल्यानं थोड्याच वेळात गेला. इकडे विमान बॉम्बसकट जमिनीवर आदळलं, त्या धडकेत ब्रॉफी बाहेर फेकला गेला आणि वाचला! त्याचं घड्याळ २ वाजून १३ मिनिटांवर थांबलेलं. बाकीचे पाचही वाचले. सातांतला गेला तो एकटा अँड्र्यू.

ब्रॉफीला फ्रेंच भूमिगतांनी लपवलं. सप्टेंबरात इंग्लंडला परतल्यावर त्याला मित्र गेल्याचं कळलं. त्यानं जे पाहिलं ते सांगितलं, म्हणून ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा ब्रिटिशांचा सर्वोच्च सन्मान, जाहीर झाला. आपल्या माणगावजवळच्या यशवंत घाडगे यांना मिळाला तोच सन्मान. तेही १० जुलै १९४४ला, म्हणजे महिन्याच्या आत, इटलीत पडले.

मी नेहमी इथे अडखळतो. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण मारले गेले. कितीतरी विमानांतून एकही परतला नाही, घरी फक्त ‘बेपत्ता’ अशी तार गेली. त्या विमानांत दारापर्यंत येऊन मागे वळलेले किती असतील? ते पाहणाराही त्यांच्यासोबतच गेला.

कॅनडात हॅमिल्टनच्या संग्रहालयात मिनार्स्कीच्या स्मरणार्थ जपलेलं एक लँकेस्टर आहे. ते अजून उडतं. लोक पुढच्या बाजूनं फोटो काढतात. तुम्ही कधी गेलात तर मागे जा, आणि दारापासून शेपटीपर्यंत किती पावलं होतात ते बघा.