भुंडा बैल, हावरा मासा

मंडळी, ‘जनुक-संपादित जनावराचं मांस लोक खातील का’ असं मोघम विचारलं तर मिळणारं उत्तरही मोघमच असतं. जनावर कोणतं, त्यात बदललं काय आणि तो बदल कुणाच्या सोयीसाठी, हे सांगा. मग बघा, तोच माणूस एक ताट पुढे ओढतो आणि दुसरं सरकवतो.

डुकरापासून सुरुवात करू. पीआरआरएस नावाचा विषाणूजन्य रोग गोठ्यात शिरला की गाभण माद्या पिल्लं टाकतात आणि जगलेली पिल्लं धापा टाकत मरतात. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या अंदाजाने अमेरिकेत यापायी वर्षाला सुमारे 120 कोटी डॉलर बुडतात. हा विषाणू डुकराच्या पेशीत शिरतो तो सीडी163 या प्रथिनाच्या दारातून. ते दार बनवणाऱ्या जनुकातच क्रिस्परने, म्हणजे जनुक हव्या त्या जागी कापणाऱ्या रेणूंच्या कात्रीने, बदल केला, की विषाणू उंबऱ्याबाहेर. काम सोपं मात्र नाही. भ्रूण एकाच पेशीचं असताना कात्री आत सोडतात, पण पेशी विभागायला लागल्यावरही ती चालत राहिली तर पिल्लू गोधडीसारखं निघतं, काही पेशी बदललेल्या, काही जुन्याच. म्हणून पहिल्या पिढीची पिल्लं तपासून, निवडून, पुढे पैदास करावी लागते. शिवाय आईकडची आणि बापाकडची, दोन्ही प्रती बदललेल्या हव्यात. एक जुनी प्रत उरली तरी दार उघडंच.

30 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या डुकराला मान्यता दिली. आता खाणाऱ्याच्या बाजूने बघा. हा रोग माणसाला होतच नाही, तेव्हा ताटात थेट फायदा काही नाही. समर्थक म्हणतात, रोगामागून येणारे जिवाणूसंसर्ग कमी होतील, प्रतिजैविकं कमी लागतील. विरोधक म्हणतात, हजारो डुकरं एका छपराखाली कोंबता म्हणून रोग पसरतो. तुम्ही छप्पर बदलायचं सोडून डुक्कर बदलताय. दोन्ही म्हणणी खरी आहेत, पंचाईत तीच आहे. हे डुक्कर घडवणाऱ्या कंपनीने मान्यता खिशात असूनही विक्रीची घाई केली नाही, कारण कत्तलखान्यात सगळ्यांचं मांस एकत्र होतं आणि जपान-मेक्सिकोसारख्या गिऱ्हाईक देशांनी नको म्हटलं तर वेगळं काढणार कसं?

भुंड्या बैलाची गोष्ट याहून बोलकी आहे. दुभत्या होल्स्टीन जातीच्या वासरांच्या शिंगकळ्या तापल्या लोखंडाने डागतात. वेदना कोणालाच बघवत नाहीत. अँगससारख्या गोमांसाच्या जातीत मात्र शिंगं जन्मतःच नसतात. त्यांच्या जनुकसंचात एका ठिकाणी डीएनएच्या दहा अक्षरांच्या जागी 212 अक्षरांची पुनरावृत्ती आहे. तेवढीच होल्स्टीनच्या पेशीत बसवली, त्या पेशींपासून क्लोन केले आणि 2015 मध्ये दोन भुंडे गोऱ्हे जन्मले. हेतू इतका स्वच्छ की टीकाकारही नरमले होते. नको तिथे काहीही बदललेलं नाही, असं हे गोऱ्हे घडवणाऱ्या कंपनीने ठासून सांगितलंही होतं.

2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी त्या गोऱ्ह्यांच्या जनुकसंचाची माहिती पुन्हा चाळली. नवा तुकडा पेशीत पोहोचवण्यासाठी जिवाणूचं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, वापरलं होतं; त्याची एक प्रत प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या जनुकांसकट बैलाच्या जनुकसंचात चिकटून राहिली होती. आधी का दिसली नाही? कारण तपासणी करताना गाईचा संदर्भ-जनुकसंच समोर ठेवून कुठे फरक पडला एवढंच पाहिलं. प्लाझ्मिड गाईचं नव्हतंच, मग ते त्या यादीत सापडणार कसं! ब्राझीलमध्ये भुंड्या दुभत्या गाईंचा कळप उभारायचा बेत बारगळला. माझ्या मते इथे चूक होण्यापेक्षा आधीचा ठासून केलेला दावा महाग पडला.

जपानने वेगळी वाट धरली. 2021 मध्ये तिथे फुगू माशातलं, भूक आवरणाऱ्या लेप्टिन संप्रेरकाचा निरोप घेणारं जनुक निकामी करून तो मासा विक्रीला आणला. पोट भरल्याचा निरोपच मिळत नाही, म्हणून मासा खात सुटतो आणि नेहमीपेक्षा 1.9 पट वेगाने वाढतो. लेबलाची सक्ती नव्हती, तरी कंपनीने आपणहून लेबल लावलं. पण क्योतो प्रांतातल्या मियाझू शहराने गावाला देणगी देऊन करात सवलत मिळवणाऱ्यांना परतभेट म्हणून हाच मासा देऊ केला, तेव्हा नागरिकांनी सह्या गोळा करून तो यादीतून काढा म्हणून अर्ज दिला. विकत घेणं ज्याच्या त्याच्या मर्जीचं; गावाच्या नावाने दिलेली भेट म्हणजे सगळ्यांचाच होकार धरला जातो.

आपल्याकडे 2022 च्या सवलतीने बाहेरचं जनुक न घालता संपादित केलेली पिकं जनुकबदलाच्या 1989 च्या नियमांपैकी काहींतून सुटली. जनावरं सुटलेली नाहीत. 2025 मध्ये काश्मीरच्या कृषी विद्यापीठाने स्नायूंची वाढ रोखणारं मायोस्टॅटिन जनुक संपादित केलेली मेंढी जाहीर केली, तीही त्याच जुन्या 1989 च्या नियमांखाली येते. आणि फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं, तेव्हा कोणी सह्या गोळा केल्या नाहीत. ते काम पिढ्यान्‌पिढ्या संकराने झालं आणि धनगराचा पहिला प्रश्न होता तो त्याच्या कामाचाच: दोन कोकरांना पुरेल एवढं दूध मेंढीला येईल का, चारा किती वाढवावा लागेल?

आता लेबलाचा प्रश्न. कुठे कापलं हे माहीत असेल तर प्रयोगशाळेत ती खूण सापडते. माहीत नसेल, तर छोटासा कापलेला तुकडा आणि निसर्गात आपोआप झालेला बदल यांत फरक सांगणारी चाचणी नाही. म्हणजे सगळी भिस्त नोंदीवर, जनावराच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर. आणि खाटकाच्या दुकानात आकड्याला टांगलेल्या धडाला कान नसतो.