पिटकेर्न बेटावरची जेनी

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात आणि गोव्यात नीरफणसाच्या कापा रवा लावून तव्यावर परततात, त्या आपण सर्वांनी चवीने खाल्ल्या आहेत. याच नीरफणसाची रोपे प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावरून वेस्ट इंडीजमध्ये नेऊन तिथल्या गुलामांना स्वस्तात पोसावे, या हेतूने ब्रिटिशांनी १७८७ साली ‘बाउंटी’ हे जहाज पाठवले होते. २८ एप्रिल १७८९ रोजी त्या जहाजावर बंड झाले आणि बंडखोरांचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन याचे नाव जगभर गेले. आज मात्र मला तुमच्याशी बोलायचे आहे ते त्या जहाजावरून नेल्या गेलेल्या एका ताहितियन स्त्रीविषयी. तिचे नाव होते तेएहुतेआतुआओनोआ. खलाशांच्या जिभेला ते वळेना, म्हणून त्यांनी तिला जेनी म्हणायला सुरुवात केली.

जेनी आधीपासून अलेक्झांडर स्मिथ या खलाशाबरोबर राहत होती. बंडानंतर बंडखोर जहाज घेऊन पुन्हा ताहितीला आले; तिथून नेलेल्या बाकीच्या अनेकजणींची कहाणी वेगळी आहे. जेनीने पुढे सांगितले त्याप्रमाणे, ताहितीच्या किनाऱ्यावर स्त्रिया रात्री जहाजावर जेवायला आलेल्या असताना नांगराचा दोर कापला गेला आणि जहाज निघाले. एकीने समुद्रात उडी टाकली आणि ती पोहत किनाऱ्याकडे गेली. उरलेल्यांपैकी वयस्क अशा सहाजणींना शेजारच्या मोओरेआ बेटाजवळ उतरवून दिले. बंडखोरांच्या प्रेमकथा पुष्कळ रंगवल्या गेल्या आहेत; त्या ऐकताना हा कापलेला दोर आठवावा, असे मला मनापासून वाटते.

जानेवारी १७९० मध्ये नऊ बंडखोर, सहा पॉलिनेशियन, म्हणजे ताहिती आणि आसपासच्या बेटांवरचे पुरुष, बारा स्त्रिया आणि एक तान्ही मुलगी पिटकेर्नला पोहोचली. न्यूझीलंड आणि पेरू यांच्या दरम्यानच्या अथांग पाण्यातले हे बेट जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. त्याला चहूबाजूंनी उभे कडे आहेत आणि जहाज लागेल असे बंदर नाही. पाठलाग करणाऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून ‘बाउंटी’ तिथेच जाळून टाकण्यात आली. परत जाण्याची वाटही तिच्याबरोबर जळाली.

या बेटावर जगायचे कसे, हे कोणाला ठाऊक होते? खलाशांना दोर, शिडे आणि लोखंड कळत होते. जमिनीत खड्डा खणून, दगड तापवून, वर पाने झाकून सुरण-रताळ्याच्या जातीचे कंद शिजवणे बायकांना येत होते. कपडेही त्यांनीच केले. आऊते नावाच्या झाडाची आतली साल सोलून, भिजवून, ओंडक्यावर पसरून ती खाचा पाडलेल्या चौकोनी लाकडी दांड्याने, आपल्याकडच्या धोपाटण्याने कपडे बडवावेत तशी, बडवत राहायची. बोटभर रुंदीच्या पट्ट्या हळूहळू पसरत, एकमेकींत मिसळत जातात आणि शेवटी पांघरण्याइतके कापड तयार होते. जहाजावरचे कपडे फाटून गेल्यावर साऱ्या वसाहतीचे अंग याच तापा कापडाने झाकले. ख्रिश्चनची जोडीदारीण माउआतुआ हिने बडवलेले तापा ब्रिटनमधल्या संग्रहालयांत आजही जपलेले आहे.

जमीन मात्र इंग्रजांनी आपसात वाटून घेतली आणि पॉलिनेशियन पुरुषांच्या वाट्याला चाकरी आली. दोन बंडखोरांच्या जोडीदारणी वारल्या, तेव्हा त्यांनी या पुरुषांबरोबरच्या स्त्रिया घेतल्या. त्यातून जे धुमसत राहिले, त्याचा स्फोट सप्टेंबर १७९३ मध्ये झाला. ख्रिश्चनसह पाच बंडखोर मारले गेले आणि थोड्याच दिवसांत उरलेले चारही पॉलिनेशियन पुरुष संपले; दोघे त्याआधीच मारले गेले होते. जेनी तोवर आयझॅक मार्टिनबरोबर राहू लागली होती. मेलेल्यांत तोही होता. मागे उरले चार इंग्रज, दहा स्त्रिया आणि काही मुले.

त्यानंतरच्या वर्षाची नोंद एडवर्ड यंग या बंडखोराच्या रोजनिशीत आहे. मार्च १७९४ मध्ये तो शेतीचे दाताळे मागायला गेला असता त्याला जेनीच्या हातात एक कवटी दिसली. ती मारल्या गेलेल्या बंडखोरांपैकी जॅक विल्यम्सची होती. ‘पुरून टाका,’ असे त्याने सांगितले; ‘पुरणार नाही,’ असे बायकांनी उत्तर दिले. मेलेल्यांच्या कवट्या त्यांना का हव्या होत्या, याचे अंदाज पुष्कळांनी केले आहेत. मला त्या उत्तरातला ठामपणा अधिक मोलाचा वाटतो, कारण इतक्या वर्षांत बायकांना कोणी काही विचारल्याची ती विरळा नोंद आहे.

मग बायकांनी बेट सोडून जायचे ठरवले आणि होडीसाठी हट्ट धरला. फळ्या कमी पडल्या तेव्हा जेनीने आपल्या राहत्या घराच्या फळ्या उचकटून काढल्या आणि इतरांनीही तसेच करावे म्हणून त्यांची मनधरणी केली. पण कोणी तयार झाले नाही. एका उघड्या पडलेल्या घरासमोर फळ्यांचा ढीग रचून उभी असलेली ही स्त्री माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. १५ ऑगस्टला होडी पाण्यात लोटली आणि ती उलटली. ‘अपेक्षेप्रमाणे उलटली,’ असे यंगने लिहिले आहे.

१८०८ साली अमेरिकन कप्तान मेह्यू फोल्जर तिथे पोहोचला, तेव्हा बंडखोरांपैकी एकटा स्मिथ जिवंत होता. पुढे तो जॉन अ‍ॅडम्स म्हणून ओळखला गेला आणि येणाऱ्या प्रत्येक जहाजाने बेटाची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकली. बायका समोर असताना त्यांना विचारायचे फारसे कोणाला सुचले नाही. १८३८ साली बेटाचे कायदे लिहिले गेले, त्यांत अठरा वर्षांवरील स्त्रियांनाही दंडाधिकारी निवडण्यासाठी मताचा हक्क मिळाला. न्यूझीलंडच्या स्त्रियांना तो १८९३ मध्ये मिळाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. माउआतुआ तेव्हा हयात होती.

जेनी मात्र तिथे नव्हती. तिला मूलबाळ नव्हते. १८१७ साली ‘सुलतान’ नावाच्या अमेरिकन जहाजावरून ती निघाली आणि दक्षिण अमेरिकेचा किनारा व मार्केसस बेटे असा मोठा वळसा घालून ताहितीला परतली. १८१९ मध्ये सिडनीच्या वृत्तपत्रात तिची हकीकत छापून आली. पुढे कप्तान पीटर डिलन याने तिचे ताहितियन भाषेतले कथन दुभाष्याकरवी उतरवून घेतले आणि ते १८२६ साली आपल्या कोलकात्याच्या ‘बेंगाल हरकारू’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. कापलेला दोर, उडी टाकणारी ती स्त्री, मोओरेआजवळ उतरवलेल्या सहाजणी, हे सारे आपल्याला कळले ते जेनीमुळे. सिडनीच्या त्या वृत्तपत्राने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. तिच्या डाव्या हातावर गोंदलेले होते: ‘ए. एस. १७८९’.