सुएझच्या पाच तारा

मंडळी, इजिप्तची लोककला आणि युद्धाच्या आठवणी असा विषय आहे. पण माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो आमच्या घरातल्या एका चामड्याच्या बैठकीमुळे, त्यामुळे आधी तिच्याबद्दल सांगतो.

माझा मोठा मामा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत होता. मुंबईहून निघालेलं जहाज सुएझ कालवा ओलांडून भूमध्य समुद्राच्या टोकाला पोर्ट सैद बंदराला लागलं, की छोट्या होड्या त्याला येऊन बिलगायच्या. खालचा माणूस दोरी वर भिरकवायचा. दोरीला टोपली. आधी आरडाओरडा करून भाव ठरायचा, मग पैसे खाली, माल वर. मामा म्हणायचा, "अरे, तो माझ्याशी हिंदीत घासाघीस करत होता, आणि मी हरलो!" अशा हरण्यातून ती उंटाचं चित्र असलेली बैठक आमच्या घरी आली. आम्ही चार भावंडं तिच्यावर बसून अभ्यास केला. भुसा गळून गेला तेव्हा आईनं आत जुनी लुगडी भरली. ती अजून आहे, परवाच पुसली.

या होडीवाल्यांना तिथे 'बंबूतिया' म्हणतात. गोऱ्या खलाशांच्या 'बमबोट' या शब्दाचं हे अरबी रूप. आणि पोर्ट सैदमध्ये त्याच नावाचा एक नाच आहे! दोरी फेकायची, ओढायची, हातवारे करून भाव करायचा, सगळं तालात. म्हणजे मामानं ज्यांच्याकडून बैठक घेतली, त्यांच्या रोजच्या कामाचा नाच झाला होता. हे मला कळलं तेव्हा सांगायला मामा नव्हता. त्याची रुखरुख मला आजही आहे.

या नाचाला साथ असते सिमसिमियाची. हातात मावणारं, पारंपरिक पाच तारांचं वाद्य. आता तारा वाढल्यात, आणि २०२४मध्ये युनेस्कोच्या वारसायादीतही ते गेलं. ते वाजतं 'दम्मा'मध्ये. लोक गोल बसतात, टाळ्या आणि ध्रुवपद सगळ्यांचं. व्यासपीठ नाही.

जाता जाता 'लिंबी' सांगायलाच हवा. वसंतातल्या शम अन्‌-नसीम सणाच्या आदल्या रात्री पोर्ट सैदमध्ये पुतळा जाळायची प्रथा. आपल्या होळीची आठवण यावी असा प्रकार. लिंबी म्हणजे लॉर्ड अॅलनबी, १९१९ ते १९२५ या काळातला ब्रिटिश हायकमिशनर. तो गेला, १९५६मध्ये कालव्यासाठी चालून आलेल्या ब्रिटिश-फ्रेंच फौजाही डिसेंबरात गेल्या, त्याच आठवड्यात लोकांनी बंदरावरचा, कालवा खोदवणाऱ्या फ्रेंच द लेसेप्सचा पुतळा सुरुंगानं उडवला. पण जळणाऱ्या पुतळ्याचं नाव लिंबीच राहिलं.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली. मग मुद्द्यावर येतो.

१९६७च्या जूनमध्ये इस्रायलशी युद्ध होऊन कालवा बंद झाला, तो ५ जून १९७५ला उघडला. आमच्याकडे याचा अर्थ एवढाच, की मामाचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार आणि पत्र उशिरा येणार. तिकडे बंबूतियांना जहाजच उरलं नाही. सुएझ, इस्मायलिया, पोर्ट सैद इथल्या लाखो माणसांना घरं सोडून आत, परक्या गावी राहावं लागलं. याला ते 'तहजीर' म्हणतात. सुएझमध्ये कॅप्टन गझाली नावाचे एक गृहस्थ होते. कॅप्टन म्हणजे फौजेतले नव्हेत, खेळाचे प्रशिक्षक. त्यांनी 'विलाद अल्‌-अर्द', मातीची लेकरं, हे पथक उभं केलं आणि सिमसिमिया घेऊन ते सैनिकांपुढे गायले, विस्थापितांपुढे गायले.

माझं म्हणणं असं. सरकारनंही गाणी जपली. प्रसिद्ध गायिका उम्म कुलसूमचं १९५६चं युद्धगीत १९६०मध्ये राष्ट्रगीत झालं, आणि इस्रायलशी तह झाल्यावर १९७९मध्ये बदललं. कैरोत १९८९ला इस्रायलशी झालेल्या ऑक्टोबर युद्धाचा भव्य पॅनोरमा, म्हणजे युद्धाचं चित्रदालन, झाला, त्यात ६ ऑक्टोबर १९७३ला सैन्यानं कालवा ओलांडला तो विजय आहे. सुएझ शहर मात्र २४ ऑक्टोबर पाळतं, कारण त्या दिवशी शहरात घुसलेले इस्रायली रणगाडे सैनिकांबरोबर गावच्या लोकांनी अडवले. राजधानीच्या आठवणीत सैन्य येतं. घर सुटलेली बाई, रिकामी गल्ली, परतल्यावर न सापडलेला उंबरठा, यांना जागा दम्मामध्येच मिळाली.

शांततेनं मात्र या वाद्याला लग्नाच्या बँडमध्ये नेलं. पोर्ट सैद खुलं व्यापारक्षेत्र झालं, पैसा आला, दम्मा विरळ झाला. तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस झकरिया इब्राहिम यांनी जुने गायक शोधून काढले आणि 'अल्‌-तंबूरा' हे पथक बांधलं. त्यावर खूप बोलायचं होतं, राहून गेलं.

अध्यक्षमहाराज, एकच ध्वनिमुद्रण लावू द्या, चार मिनिटांचं. आणि मंडळी, कृपा करून खुर्च्या जरा गोल करा. मागच्यांनी पुढे या. टाळी कुठे धरायची ते मी दाखवतो.