एकच तण, दोन रोज्या

पाऊस उघडून दोन दिवस झालेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या या काळ्या वावरात आज वाफसा आलाय. पुढे बैलजोडी, मागे डवरा, म्हणजे कोळपं, धरलेला गडी. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमधलं तण पासेखाली उपटून पडतंय. रोपाच्या बुडाशी मात्र डवरा पोचत नाही. तिथे निंदणाला बाया आहेत. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, हातात विळा. उकिडवं बसायचं आणि तसंच बसून पुढे सरकायचं, ओळ संपेपर्यंत.

तण एकच, मालकही एकच. रोजी मात्र वेगळी, आणि निंदणाची कमी. बैलांचं भाडं सोडून द्या, नुसती माणसाची रोजी धरा, तरीही कमीच. मालकाला विचारलं तर तो चिडत नाही. “काम वेगळं हाय ना भाऊ,” म्हणतो. त्याचाही कापूस काही सोन्याच्या भावानं जात नाही. आणि त्याचं हे उत्तर कायद्यात चक्क बसतं!

ते कसं, हे कळायला जिनिव्हापर्यंत जावं लागतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना उभी राहिली, तेव्हाच समान मूल्याच्या कामाला बाईला नि पुरुषाला समान वेतन, हे तत्त्व कागदावर आलं. त्याचा स्वतंत्र करार व्हायला २९ जून १९५१ उजाडला. भारतानं तो १९५८ मध्ये मान्य केला. करारातला शब्द नीट ऐका: समान ‘मूल्य’. नुसतं समान ‘काम’ म्हटलं, तर बायांना वेगळ्या कामाला लावायचं आणि त्या कामाचाच भाव पाडायचा, ही वाट मोकळी राहते.

१९७५ हे संयुक्त राष्ट्रांचं महिला वर्ष. त्याच सप्टेंबरात दिल्लीत वटहुकूम निघाला, १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. पण त्यात शब्द आले ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम’. २०१९ च्या वेतन संहितेतही हेच शब्द. मूल्य वाटेत कुठेतरी गळालं. आता डवरा आणि विळा एकाच स्वरूपाचे, असं कोण म्हणणार?

रोजगार हमीवर माती मोजून दाम मिळतो. टेपला बाई की पुरुष, ते कळत नाही.

पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सात-आठ जणी उभ्या आहेत. यांना रोजी नकोय, निंदण गुत्त्यानं, म्हणजे एकरामागे ठरवून, घ्यायचंय. एक जण वावरात चार पावलं आत जाते, तण पायानं दाबून बघते, परत येते. एकराचा आकडा सांगते. मालक नाही म्हणून मान हलवतो. बाया काही बोलत नाहीत. धुऱ्यावर बसतात, डबे सोडतात. भाकरी, ठेचा, कांदा.

आभाळ पुन्हा भरून येतंय. मालक एकदा वर बघतो, एकदा तणाकडे.