मशीन वाजतंय, पण कशानं?

श्रोते हो, नमस्कार.

कापसाची वेचणी सुरू झाली की आपल्या खानदेशात गावोगाव एकच हळहळ ऐकू येते. कुणाची नाकातली फुली वावरात पडली, कुणाच्या मंगळसूत्राची वाटी तुटून गेली. सोन्याचे भाव आज कुठे आहेत ते जळगावकरांना मी सांगायला नको. मग कुणी तरी मेटल डिटेक्टर आणतं, पोरं उत्साहानं वावरात उतरतात, आणि पहिल्या पावलापासून मशीन टीं टीं करायला लागतं. खणून पाहावं तर खाली नुसती माती. मशीन बिघडलंय म्हणून दुकानदाराला फोन जातो. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. ते वाजतं शोधणाऱ्याच्याच अंगावरच्या धातूनं.

मशीनच्या दांड्याला खाली जी थाळी असते, तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या तारेचे वेढे असतात. त्यांतून उलटसुलट वीज वाहते आणि भोवती सारखं बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की त्या धातूतही बारीक प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांची चाहूल कॉइलमधल्या दुसऱ्या वेढ्यांना लागते. पण कॉइलला खालचं-वरचं कळत नाही. जमिनीतली फुली आणि तुमच्या बुटातला खिळा तिला सारखेच. मात्र अंतर वाढलं की ही ताकद झपाट्यानं कमी होते. फुलीएवढी वस्तू जेमतेम काही बोटं खोल असली तरच सापडते.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. उभं राहून मशीन फिरवताना कमरेचा पट्टा, करदोडा, मनगटातलं घड्याळ कॉइलपासून पुष्कळ लांब असतं. काही जण अंगावरचं सगळं उतरवून ठेवतात, तेवढा खटाटोप नको. गुडघ्याखाली काय आहे आणि वाकल्यावर काय लोंबतं, एवढंच पाहा.

गुडघ्याखाली पहिला मान चपलेचा. आपल्याकडे शेतात टायरच्या चपला घालतात, टिकाऊ म्हणून. त्यांचे पट्टे बारीक खिळ्यांनी ठोकलेले असतात आणि कित्येक टायरच्या आत पोलादी तारांचं जाळं असतं. अशी चप्पल घालून मशीन चालवणं म्हणजे प्रत्येक पावलाला खोटी हाक. एमआयडीसीत किंवा रेल्वेत कामाला असलेले भाऊ सुट्टीच्या दिवशी सेफ्टी शूज घालूनच वावरात येतात. त्यांच्या टोकाला लोखंडी वाटी असते, तीही चालणार नाही. अनवाणी तर मुळीच जाऊ नका. काळ्या मातीच्या भेगा, कापसाचा पाला आणि घोणस यांची सोबत जुनी आहे. साधा रबरी गमबूट उत्तम, पण काहींच्या तळव्यात किंवा टोकात लोखंडी पत्रा असतो. घेण्याआधी मशीन लाकडी बाजेवर ठेवा, लोखंडी पलंगावर नको, आणि बूट कॉइलवरून फिरवून पाहा. गप्प राहिलं तर घ्या.

आता ताई-मावशींचा प्रश्न. हरवलेली वस्तू त्यांची असते, त्यामुळे शोधायला त्याच पुढे असतात, आणि पायात पैंजण, जोडवी असतात. चांदीतून वीज फार सहज वाहते, म्हणून आवाज असा स्वच्छ येतो की सापडलंच असं वाटावं. वरून मोजा किंवा बूट चढवून उपयोग नाही, कापडानं आणि रबरानं धातू लपत नाही. पैंजण काढता येतात. जोडवी सवाष्णीला काढायला सांगणं मला बरं वाटत नाही. त्यांनी जागा दाखवावी आणि मागे थांबावं, मशीन दुसऱ्यानं फिरवावं. काचेच्या बांगड्यांना काहीच हरकत नाही.

वाकल्यावर गळ्यातली साखळी, ताईत कॉइलवर येतो. तो सदऱ्याच्या आत खोचा. गुडघ्याजवळ खिसा असलेली पँट नको. त्या खिशात गाडीची चावी आणि चुन्या-तंबाखूची डबी हमखास असते. नाडीचा सुती पायजमा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला रुमाल, आपल्या उन्हाला हाच वेश खरा. मार्च-एप्रिलमध्ये रिकाम्या वावरात शोधणार असाल तर सकाळीच उरका. खुरपं हातात घेऊन मशीन फिरवू नका, चार पावलं मागे ठेवा. माती चाळताना ती प्लॅस्टिकच्या घमेल्यात घ्या. अंगठी असलेला हात कॉइलवर नेला की पुन्हा तोच घोळ.

मोबाइलची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या धातूपेक्षा त्याच्या लहरी त्रास देतात. फोन बंद करा किंवा बांधावर ठेवा. दीपनगरच्या वीज केंद्राकडून निघालेल्या उच्चदाबाच्या तारा ज्यांच्या वावरावरून जातात, त्यांच्याकडे मशीन कारण नसताना कुरकुरतं. विहिरीवरची मोटर चालू असली तरी तेच. मोटर बंद करता येते, तारा नाही. तिथे मशीनची संवेदनशीलता कमी करायची. मशीनची वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी, सैल वायर हलली तरी आवाज येतो.

आणि आपली माती. ती बेसाल्ट खडकाची, तिच्यात लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे मशीन मातीलाच धातू समजू शकतं. वावरात उतरल्यावर मोकळ्या जागी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वगळायची मशीनमधली सोय, आधी जुळवून घ्या.

मशीन हातात आलं की गावात कुणी तरी गुप्तधनाचा विषय काढतोच. गिरणाकाठी बहाळ आणि तापीकाठी प्रकाशा इथे 1950 च्या दशकात पुरातत्त्व खात्यानं रीतसर उत्खनन केलं. अशा पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर मशीन घेऊन हिंडू नका. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खोदणं 1958 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या स्वतःच्या वावरात जुन्या नाण्यांचा हंडा लागला तरी 1878 चा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. तो कायदा आजही लागू आहे.

नमस्कार.