खिशातला हिरवा हात

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि धुळ्याच्या थंडीत शाली गुंडाळून इथवर आलेल्या मित्रांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘दूरचित्रवाणी आणि विज्ञानकथा’. एवढा मोठा विषय तासाभरात कुणाच्याच हाती लागत नाही, म्हणून मी एकाच कथेवर बोलणार आहे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतली ‘द आर्क इन स्पेस’. चार भाग, २५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी १९७५, बीबीसीवर दर शनिवारी एक. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती गेल्या महिन्यात इथेच डीव्हीडीवर पाहिली. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तुटपुंज्या पैशात केलेलं असं काम ठिगळं न लावता, जसं आहे तसं जपलं पाहिजे. आणि हे काम आपल्या खानदेशातही पडून आहे, त्याकडे शेवटी येतो.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सूर्यावरच्या उद्रेकांमुळे पृथ्वी राहण्याजोगी उरणार नाही, म्हणून निवडक माणसं एका अवकाशस्थानकात गोठवून झोपवलेली आहेत. त्यांना उठवणारी यंत्रणा एका किड्याने तोडली आहे. हजारो वर्षं उलटली, कुणी उठलंच नाही. त्या किड्यांची जात विर्न, आणि तिला माणसांच्या शरीरात पिल्लं वाढवायची आहेत. माणसांचा प्रमुख नोआ जागा होतो, त्याला अळीचा स्पर्श होतो, आणि तो हळूहळू विर्न होऊ लागतो.

आता तो हात. नोआ एक हात खिशात घालून वावरतो. पहिल्यांदा पाहताना आपल्या ते लक्षातही येत नाही. दुसऱ्यांदा पाहिलं की नजर त्या खिशावरून हलत नाही. नट केंटन मूर. खांदा किंचित आखडलेला, बोलता बोलता आवाज मध्येच घशात अडकतो, हुकूम सोडायला तोंड उघडतो आणि कुणाच्या वतीने बोलतोय हेच त्याचं त्याला उमगेनासं होतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो हात बाहेर काढतो. हिरवा, फुगलेला, फोडाफोडांचा. तिथे भाग संपतो. मुलांनी आठवडाभर थांबायचं.

तो हात म्हणजे फोडांचा प्लास्टिक कागद. नवीन टीव्ही घेतला की खोक्यात येतो तोच, आपण चटचट फोडत बसतो तोच. त्याला हिरवा रंग फवारला आणि हाताला गुंडाळला. माझी मावशी शिरपूरकडची. ही कथा घरी लावली तेव्हा ती शेंगा सोलत शेजारी बसली होती. हात बाहेर आल्याबरोबर अहिराणीत म्हणाली, “हाऊ ते टीव्हीना डबाना कागद शे!” सगळे हसले, तीही हसली. मी टीव्ही बंद केला नाही. पुढचा भाग लागला. नोआची वाग्दत्त वधू व्हीरा त्याच्यासमोर उभी, तो स्वतःशीच झगडतोय, आणि मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, “हाऊ आते तिले मारी टाकी का?” कागद तिने ओळखला होता, आणि ओळखूनही ती घाबरली होती. या कलेचं यापेक्षा चांगलं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

नोआ व्हीराला ‘मला मारून टाक’ म्हणून विनवतो, असा प्रसंगही चित्रित झाला होता. मुलांना झेपणार नाही म्हणून प्रसारणाआधी तो कापला. लक्षात घ्या, घाबरले ते कागदाला नाही, त्या विनवणीला.

मावशीला हे कळलं यात नवल नाही, कारण तिचं बालपण तमाशाच्या फडापुढे गेलंय. सारंगखेड्याची यात्रा इथे कुणाला सांगायची गरज नाही. दिवसा घोडे बघायचे, रात्री तंबूत वग. मंचावर एक खुर्ची, तीच सिंहासन. राजा एक गोल फेरी मारतो आणि म्हणतो, “प्रधानजी, आलं घनदाट अरण्य!” झाडाचं एक पान नसतं, तरी मागे घोंगडीवर बसलेल्या माणसाला अरण्य दिसतं. राजाचा आवाज आणि फेरीचा डौल खरा असेल तरच दिसतं हं. राजा कच्चा निघाला तर हीच घोंगडीवाली मंडळी शिट्ट्या मारून त्याला खाली बसवतात. पैसा नसला की सगळा भार शब्दावर आणि नटावर येतो. त्याला लपायला जागाच नसते.

लंडनमध्येही तेच. रॉबर्ट होम्सने ही कथा ऐनवेळी लिहिली, कारण आधीच्या लेखकाची संहिता उभी राहत नव्हती. पहिला जवळजवळ अख्खा भाग मालिकेचा नायक डॉक्टर आणि त्याचे साथीदार सारा व हॅरी या तिघांवरच चालतो, म्हणजे नटांचे पैसे वाचले. त्यातला बराच वेळ डॉक्टर आणि हॅरी एका टेबलाखाली अडकलेत, कारण हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर गोळी झाडणारं यंत्र वर आहे. टेबलाखाली दोन माणसं, एवढ्यावर ताण उभा केलाय. नेपथ्यकार रॉजर मरे-लीचने बांधलेलं स्थानक पुढे त्याच वर्षी दुसऱ्या एका कथेला पुन्हा वापरलं, खर्च वाटून घेतला. आणि दुसरा भाग १ कोटी ३६ लाख लोकांनी पाहिला!

आता मला एक तक्रार मांडू द्या, ती बरेच दिवस मनात आहे. या कथेची चौकट चारास तीन. जुन्या टीव्हीची, जवळजवळ चौकोनी. आपल्या भिंतीवरचे आजचे पडदे रुंद. ज्या घरी जावं तिथे हे चौकोनी चित्र दोन्ही बाजूंनी ताणून पडदा भरलेला. डॉक्टरचं काम करणारा उंच, सडसडीत टॉम बेकर आडवा पसरतो, गोल खिडक्या अंड्याच्या आकाराच्या होतात. मी रिमोट मागतो, चित्र मूळ आकारात आणतो, तर घरातले म्हणतात, “काका, बाजूला काळे पट्टे आले, पडद्याचे पैसे वाया गेले ना!” अहो, तो पडदा तुमचा आहे, चित्र दुसऱ्याचं आहे! कॅमेऱ्यामागच्या माणसाने नोआचा खिसा चौकटीच्या कुठल्या कडेला ठेवायचा हे विचार करून ठरवलेलं असतं. त्यात भर म्हणजे नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू करूनच देतात. मग १९७५चा स्टुडिओ कालच चित्रित केलेल्या जाहिरातीसारखा दिसतो. ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आज घरी गेल्यावर हे एक काम नक्की करा.

डिस्कचीही एक भानगड आहे. डीव्हीडी ठरावीक प्रदेशातच चालावी म्हणून तिला प्रदेशाचा नंबर देतात. ब्रिटनचा दोन, आपला पाच. टीव्हीच्या चित्राची पद्धत दोन्हीकडे एकच, ‘पाल’ (PAL) नावाची, तांत्रिक अडचण शून्य, तरी प्लेअर डिस्क बाहेर फेकतो. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. पैसे दिलेला माणूस ताटकळतो, यात कुणाचं भलं झालं, मला आजवर समजलेलं नाही.

आणि २००२च्या त्या डीव्हीडीत एक पर्याय दिलाय: स्थानकाच्या, यानाच्या जुन्या प्रतिकृतींच्या जागी संगणकावर केलेली नवी दृश्यं. जुनी दृश्यं काढून टाकली नाहीत, निवड आपल्यावर सोडली, हे चांगलं केलं. मी दोन्ही पाहिली. नवी चकचकीत आहेत, आणि ती येताक्षणी बाकीची कथा एकदम गरीब दिसायला लागते. जुन्या प्रतिकृतीत सगळं एका जातीचं होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाचच मिनिटं, आणि कुणाला तरी साक्रीची गाडीही पकडायची आहे. मुख्य मुद्दा राहिलाच आहे, तो भराभर सांगतो.

बीबीसीने साठच्या दशकातले ‘डॉक्टर हू’चे ढीगभर भाग पुसले. टेप महाग, जागा कमी, पुन्हा कोण बघणार, असा हिशोब होता. नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. जे परत आले ते परदेशी विकलेल्या फिल्मच्या प्रतींतून आणि हौशी लोकांच्या कपाटांतून. २०१३ मध्ये हरवलेले नऊ भाग नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रात मिळाल्याचं जाहीर झालं. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आहे, कारण तेव्हाच्या प्रेक्षकांनी घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर लावून ठेवले होते. काही रंगीत भागांच्या फक्त कृष्णधवल प्रती उरल्या होत्या. त्यांवर रंगाच्या संकेताचे बारीक ठिपके शिल्लक होते, त्यांतून मूळ रंग परत काढले.

हे धुळ्यात सांगायला मला संकोच वाटत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत होते, आणि त्यांचा शेवटचा काळ याच शहरात गेला. त्यांनी कागद मिळवले. आपल्या काळातला कागद म्हणजे व्हीएचएस कॅसेट. नव्वदच्या दशकात लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी यात्रेतले वग, कानबाईच्या रात्रीची गाणी, वहीगायन, आखाजीची गाणी कॅमेऱ्यात घेतलेली आहेत. चित्र हलतंय, मध्येच कुणाचं डोकं येतंय, आवाजात भोंगा आहे. असू द्या. त्यातले कितीतरी गाणारे आज हयात नाहीत. त्या कॅसेटा पत्र्याखालच्या माळ्यावर आपला मे महिना सोसत पडल्या आहेत.

तेव्हा माळ्यावर काय आहे ते बघा आणि दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे, तिच्यात नाव, गाव आणि कॅसेटवर काय आहे ते लिहून जा. कॅसेट उभी ठेवा, टीव्ही किंवा स्पीकरला चिकटून ठेवू नका. आणि फिरकीवर पांढरी बुरशी दिसली तर उत्साहाच्या भरात कॅसेट प्लेअरमध्ये (व्हीसीपीत) घालून बघू नका, टेप वाचणारं हेड खराब होतं आणि टेपही फाटते. तशीच पिशवीत घालून घेऊन या. डिजिटल प्रत करताना कुणी रंग उजळून, चित्र ताणून देतो म्हणाला तर त्याला नको म्हणा.